विद्यापीठात इटालियनची पहिली यत्ता

साशंक : माझा आक्षेप इटालियन भाषेवर नाही, हे आधीच सांगून टाकतो. आक्षेप आहे तो विद्यापीठांत मूळ पदवीला जोड म्हणून चालणाऱ्या प्राथमिक इटालियनच्या वर्गावर. मिलान किंवा तोरीनोला पुण्या-नागपूरची मुलं अभियांत्रिकी नाहीतर वास्तुकला शिकायला जातात. व्याख्यानं इंग्रजीत, प्रकल्प इंग्रजीत, प्रबंधही इंग्रजीत. त्यात आठवड्यातून दोन संध्याकाळी इटालियनचा तास. सत्र संपेपर्यंत सगळे मिळून ६० तास झाले तरी पुष्कळ म्हणायचे. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची, अधिकाऱ्यांना भाषा शिकवणारी फॉरिन सर्व्हिस इन्स्टिट्यूट आहे. तिच्या हिशेबात इंग्रजी बोलणाऱ्याला सर्वांत सोप्या जाणाऱ्या भाषांत इटालियन मोडते, आणि तरीही कामकाज चालवण्याइतकी ती यायला वर्गातले सुमारे ६०० ते ७५० तास लागतात. म्हणजे आपला विद्यार्थी जेमतेम दहाव्या हिश्श्यापाशी थांबतो. नाव-गाव सांगतो, वेळ विचारतो, कॉफी मागतो. गुणपत्रिकेवर श्रेयांक चढतात. पुढच्या सत्रात मूळ विषयांचा रेटा वाढला की इटालियन सुटते आणि ही तोंडओळखही पुसट होत जाते. जे टिकणार नाही हे शिकवणाऱ्याला आणि शिकणाऱ्याला, दोघांनाही पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं, ते विद्यापीठाने का शिकवावं? हौसेला माझी ना नाही. पण हौस वेगळी आणि अभ्यासक्रम वेगळा.

उत्साही : तुमच्या हिशेबात भाषेचे सगळे तास एकाच मोलाचे धरलेले आहेत. तसे ते नसतात. शब्द पुढे आयुष्यभर जमत राहतात. पण ही भाषा वाक्यात कर्तेपण कुणाला देते, लिंग कशाकशाला चिकटवते, परक्या माणसाशी बोलताना क्रियापद कुठे वळवते, हे सुरुवातीलाच अंगावर येतं आणि पुन्हा तसं कधी येत नाही. एकच गोष्ट जरा जवळून पाहू. भूतकाळाचा धडा निघतो. ‘मी गेलो’ म्हणायला पुरुष ‘सोनो आंदातो’ म्हणतो आणि बाई ‘सोनो आंदाता’. इंग्रजीत वाढलेला विद्यार्थी इथेच अडतो. बोलणारा कोण यावरून शब्दाचा शेवट का बदलावा, हे त्याला उमगत नाही. त्याच्या शेजारी बसलेली मराठी मुलगी ‘मी गेले’ हे बोलायला लागल्यापासून म्हणत आलेली असते. पुढच्या आठवड्यात सकर्मक क्रियापद येतं. चिठ्ठी इटालियनमध्येही स्त्रीलिंगी. ‘ती मी लिहिली’ म्हणायला ‘लो स्क्रित्ता’ म्हणायचं. कर्म असं सर्वनाम होऊन आधी आलं की शेवटचा ‘आ’ येतो तो चिठ्ठीचा, लिहिणाऱ्याचा नव्हे. लिहिणारा पुरुष असला तरी ‘आ’च. वर्गातले बाकीचे या नियमाशी झगडत राहतात. मराठीत मात्र ‘मी गेलो’ म्हणताना क्रियापद माझ्यामागून चालतं आणि ‘मी चिठ्ठी लिहिली’ म्हणताना चिठ्ठीमागून, हे आपण दिवसभर करत असतो आणि त्याचा आपल्याला पत्ता नसतो. ‘मला पुस्तकं आवडतात’ हेही तसंच. ‘मी प्याच्चोनो ई लिब्री’ या वाक्यात कर्तेपण पुस्तकांकडे आहे, आवडणारा माणूस बाजूला उभा आहे. इंग्रजीतून पाहणाऱ्याला ही रचना उलटी वाटते, आपल्याला सरळ. शाळेत कर्तरी आणि कर्मणी प्रयोग घोकून दोन गुण मिळवलेल्या मुलीला तो प्रयोग म्हणजे काय, हे मिलानच्या त्या संध्याकाळच्या वर्गात पहिल्यांदा कळतं. आपल्या भाषेत आपण काय करतो हे असं बाहेरून दिसणं मला विद्यापीठीय शिक्षणाच्या गाभ्यातलं वाटतं. त्याला ६०० तास लागत नाहीत.

साशंक : हे मला पटतं, आणि म्हणूनच ते तुमच्या बाजूचं नाही. तुम्ही जे सांगितलंत ते मराठीच्या व्याकरणाविषयी आहे. आठवीच्या वर्गात प्रयोग नीट शिकवले तर पुरे, त्यासाठी मिलानला कशाला जायला हवं? शिवाय ही सुरुवातीची सहजता फसवी आहे. ‘मला वाटतं’, ‘शक्य आहे’, ‘व्हायला हवं’ असं काही आलं की पुढचं क्रियापद निराळ्याच रूपात जातं, आणि सुशिक्षित इटालियन माणसाचं बोलणं या रूपांवाचून चालत नाही. पहिल्या सत्रात त्यांचं नावही निघत नाही. युरोपीय परिषदेने २००१ साली भाषाज्ञानाच्या ज्या सहा पायऱ्या आखून दिल्या, त्यातल्या पहिल्या, म्हणजे ए-वनच्या आसपासच हा विद्यार्थी असतो. इटालियन माध्यमातून पदवी घ्यायची तर साधारणपणे बी-टू लागते, ती चौथी पायरी. मधल्या अंतराबद्दल कुणी बोलत नाही. आणि आता प्रत्येकाच्या खिशात फोन आहे. घरमालकाचा निरोप आला, त्यावर फोन धरला, मजकूर इंग्रजीत हजर. इटालियनमधून इंग्रजीत यंत्राने केलेलं भाषांतर आज बरंच विश्वासार्ह असतं, हे तुम्हीही मान्य कराल.

उत्साही : निरोप वाचण्यापुरतं मान्य. पण मिलानला उतरल्यावरचे पहिले दिवस आठवा. देशात आल्यापासून आठ कामकाजी दिवसांत निवास परवान्याचा अर्ज टपाल कार्यालयातून जायला हवा. अर्जाचा जाडजूड संच, सगळा इटालियनमध्ये. ‘कोदिचे फिस्काले’ हा १६ अक्षर-अंकांचा करक्रमांक नसेल तर घरभाड्याचा करार अडतो. करारही इटालियनमध्ये. अनामत कधी परत मिळणार, घर सोडायचं तर किती महिने आधी कळवायचं, हे त्यातल्या चार ओळींत असतं आणि सही तुमची असते. खिडकीपलीकडच्या बाईंना घाई असते. फोन पुढे केला की त्यांचं वाक्य मध्येच तोडावं लागतं, मागे रांग तुंबते, आणि त्या तुमच्याशी नव्हे, फोनशी बोलू लागतात. ६० तास शिकलेल्या मुलीला त्या बाईंचं सगळं बोलणं कळत नाही. पण तिला ‘जरा हळू बोलता का’, ‘ही तारीख कशाची’, ‘हे परत मिळतं का’ एवढं विचारता येतं. परक्या मोठ्या माणसाला ‘तू’ म्हणायचं नाही, तृतीयपुरुषी ‘लेई’ वापरून बोलायचं, हे तिला शिकवलेलं असतं. ‘आपण’ म्हणत बोलायची सवय असलेल्या मराठी माणसाला त्यामागचा अदब लगेच कळतो. ती चुकते, बाई चूक सुधारतात, काम पुढे सरकतं. एका गावात राहणं म्हणतात ते यालाच.

साशंक : तुम्ही इटालियन कुठे नेऊन ठेवलीत ते पाहा. टपाल कार्यालयात, घरमालकाच्या दारात. व्याख्यानाच्या खोलीतून ती बाहेर आली. माझं खरं दुखणं हेच आहे, आणि ते माझं एकट्याचं नाही. मिलानच्या पोलितेक्निको या तंत्रविद्यापीठाने २०१२ साली ठरवलं की २०१४ पासून पदव्युत्तर आणि डॉक्टरेटचे सगळे अभ्यासक्रम फक्त इंग्रजीत चालवायचे. तिथल्याच शंभरेक प्राध्यापकांनी न्यायालयात धाव घेतली. २०१३ मध्ये लोंबार्दीच्या प्रशासकीय न्यायालयाने तो निर्णय रद्द केला, प्रकरण वर गेलं, २०१७ मध्ये घटना न्यायालयाचा निकाल आला, आणि २०१८ मध्ये राज्य परिषद या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने त्यावर शेवटचा हात फिरवला. घटना न्यायालयाने इंग्रजीला मनाई केली नाही. पण इटालियनला संपूर्ण अभ्यासक्रमातून हद्दपार करता येणार नाही, उच्च शिक्षणातलं तिचं मुख्य स्थान राहिलंच पाहिजे, एवढं ठामपणे सांगितलं. ते प्राध्यापक कॉफी मागण्याच्या इटालियनसाठी भांडत नव्हते. पुलाची रचना, पदार्थांची ताकद, नगररचनेचा इतिहास यांवर इटालियनमध्ये विचार करण्याचा हक्क राहावा म्हणून भांडत होते. मराठी माणसाला हे समजावून सांगायला नको. आपल्याकडे हीच गोष्ट कज्जा न लढताच होऊन गेली. आता विचार करा, ज्या इमारतीत दिवसा इटालियनची जागा आकसत जाते, तिथे संध्याकाळी प्राथमिक इटालियनचा वर्ग भरतो. मला तो वर्ग त्या आकसण्याची तोंडदेखली भरपाई वाटतो. ज्ञानाची भाषा म्हणून जिला बाजूला सारलं, तिला शिष्टाचाराची भाषा म्हणून परत बोलावलं.

उत्साही : हा आक्षेप मी सहज बाजूला सारणार नाही, कारण तो खरा आहे. पण त्यातून वर्ग बंद करावा हे निघत नाही. निघतं ते एवढंच की वर्ग अपुरा आहे. आणि ‘भाषा दिवसाची आणि भाषा संध्याकाळची’ ही फारकत इटालियनच्या बाबतीत तरी जरा जपून करायला हवी. इटलीचं एकीकरण १८६१ साली झालं तेव्हा किती लोक इटालियन बोलत होते? तुल्लिओ दे माउरो या भाषाशास्त्रज्ञाने १९६३ च्या ग्रंथात अंदाज मांडला तो अडीच टक्क्यांचा. नंतर आर्रिगो कास्तेल्लानी यांनी तो वाढवून दहा टक्क्यांच्या आसपास नेला. मोठा आकडा धरला तरी दहातले नऊ जण घरी व्हेनेतोची, नेपल्सची, सिसिलीची बोली बोलत होते. चौदाव्या शतकातल्या फ्लोरेन्सच्या लेखनावर उभी असलेली ही प्रमाण भाषा त्यांच्यासाठी शाळेत भेटणारी, पुस्तकातली, दुसरी भाषा होती. १९६० ते १९६८ या काळात ‘राय’ या इटलीच्या सरकारी दूरचित्रवाणीवर आल्बेर्तो मान्झी नावाचे शिक्षक संध्याकाळी प्रौढांना लिहा-वाचायला शिकवत. मोठ्या कागदावर कोळशाने चित्र काढायचे, त्याखाली शब्द लिहायचे. शेतमजूर, गवंडी, आज्या समोर वही घेऊन बसत. ‘नॉन ए माई त्रॉप्पो तार्दी’ असं कार्यक्रमाचं नाव होतं, ‘उशीर कधीच झालेला नसतो’. म्हणजे आज ज्या इटालियनसाठी प्राध्यापक न्यायालयात जातात, ती असंख्य घरांत पोचली तीच मुळी प्राथमिक वर्गातून, प्रौढ वयात, दिवसभराच्या कामानंतर. माझ्या विद्यार्थ्याच्या संध्याकाळच्या वर्गाला तुम्ही तोंडदेखला म्हणता, तेव्हा हा इतिहास विसरू नका.

साशंक : तो इतिहास मी विसरत नाही, तुम्ही अर्धा सांगितलात. दे माउरोंनी त्या ग्रंथात इटालियन पसरण्याची कारणं दिली आहेत. गावोगावची माणसं कामासाठी उत्तरेच्या शहरांकडे गेली, सैन्यात वेगवेगळ्या प्रांतांची पोरं एका बराकीत आली, सरकारी कचेऱ्या, वर्तमानपत्रं, मग सिनेमा, रेडिओ, दूरचित्रवाणी. वर्ग होता, पण वर्गाभोवती सगळं आयुष्य त्याच दिशेने ढकलत होतं. कालाब्रियाहून तोरीनोच्या कारखान्यात आलेल्या मजुराला इटालियनवाचून गत्यंतर नव्हतं. इंग्रजी माध्यमात एम.एस्सी. करणाऱ्याला गत्यंतर आहे. त्याचे खोलीतले सोबती भारतीय, प्रकल्पातले सोबती चिनी, तुर्की आणि इराणी, सगळ्यांची मध्यस्थ भाषा इंग्रजी. निकड नसेल तिथे वर्ग एकटा पडतो.

उत्साही : निकडीखेरीज दुसरं काही माणसाला भाषेकडे नेत नाही का? झुंपा लाहिरी यांना इटालियनची कोणती निकड होती? घरची बंगाली, लेखनाची इंग्रजी, पुलित्झर मिळालेला. तरी त्या इटालियनच्या मागे लागल्या, २०१२ साली रोमला राहायला गेल्या, २०१५ मध्ये थेट इटालियनमध्ये पुस्तक लिहिलं, २०१८ मध्ये कादंबरी. ती कादंबरी इंग्रजीत त्यांनी स्वतःच आणली. आणि आपल्या अंगणातलं उदाहरण द्यायचं तर फादर स्टीफन्स. जन्माने इंग्रज, रोममध्ये जेझुइट झालेले, १५७९ साली गोव्यात उतरले तेव्हा मराठी त्यांना शून्य. १६१६ साली रायतूरला त्यांचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं, सुमारे ११ हजार ओव्यांचं. प्रौढपणी कोऱ्या पाटीवर सुरुवात करणाऱ्याचा हात कुठवर पोचतो, याला मराठीत याहून मोठा दाखला नाही.

साशंक : दोन्ही दाखले तुमच्यापेक्षा माझ्या उपयोगाचे आहेत. १५७९ ते १६१६ म्हणजे ३७ वर्षं, आणि त्यातली बहुतेक सासष्टीच्या लोकांत काढलेली. लाहिरी पहिल्यांदा फ्लोरेन्सला गेल्या त्या १९९४ मध्ये, आणि त्यानंतर कितीतरी वर्षं अमेरिकेत शिकवण्या लावून त्या भाषेच्या उंबऱ्यावरच राहिल्या. घर हलवलं तेव्हा आत शिरल्या. मी काळाबद्दल बोलतो आहे आणि तुम्ही मला काळाचीच उदाहरणं देता आहात.

उत्साही : पण त्या दोघांच्याही वाट्याला पहिले ६० तास आले होते की नाही? वर्षं मोजताना ते तास गाळून कसे चालतील? ते कुणीतरी भरवायला हवेत, आणि ते काम करायला आज विद्यापीठाखेरीज फारसं कुणी उरलेलं नाही. इटलीबाहेर पाहा. इंग्लंड-अमेरिकेतल्या शाळांत इटालियन फार थोड्या ठिकाणी शिकवतात. तिथल्या विद्यापीठांत जे पुढे दान्ते मुळातून वाचतात, ग्राम्शीच्या तुरुंगातल्या वह्या मुळातून वाचतात, त्यातले कितीतरी जण विद्यापीठात आल्यावरच पहिला धडा गिरवतात. तो वर्ग गेला की वरचे सगळे वर्ग ओस पडतात. आणि तो जाऊ लागलेला आहे. मॉडर्न लँग्वेज असोसिएशनच्या पाहणीप्रमाणे २०१६ ते २०२१ या पाच वर्षांत अमेरिकेतल्या कॉलेजांत इंग्रजीखेरीज इतर भाषांना बसणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या १६.६ टक्क्यांनी घटली. २०२३ मध्ये वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाने २८ पदव्या आणि प्राध्यापकांच्या १४३ जागा कापायचं ठरवलं, त्यात जागतिक भाषांचा विभागच मोडीत काढला. तिथे कामी आलेला युक्तिवाद तुमच्या पहिल्या युक्तिवादाच्या अगदी जवळचा होता: येणारे थोडे, टिकणारे त्याहून थोडे, मग खर्च कशाला? दोनशे वर्षांपूर्वीही इटालियनची स्थिती याहून बरी नव्हती. मोत्सार्टच्या ‘दोन जोव्हान्नी’ची संहिता लिहिणारे लोरेन्झो दा पोन्ते १८२५ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया कॉलेजात इटालियनचे पहिले प्राध्यापक झाले. पदाला पगार नव्हता, विद्यार्थी देतील त्या शुल्कावर भिस्त होती. तरी त्या कॉलेजात इटालियनची परंपरा तिथूनच मोजतात. तुम्ही टिकाऊपणा मागता, पण परंपरा सुरू होते तेव्हा ती टिकेल असं लिहून कुणी देत नाही.

साशंक : वेस्ट व्हर्जिनियाच्या कारभाऱ्यांच्या पंक्तीला मला बसवू नका. त्यांचं म्हणणं होतं, मागणी कमी आहे म्हणून बंद करा. माझं म्हणणं आहे, मनापासून करायचं नसेल तर केल्याचा देखावा नको. पहिल्या यत्तेला गर्दी असते, दुसरीला चौथाई उरली तरी नशीब, तिसरी बहुधा भरतच नाही, आणि याचं विद्यापीठाला काहीच वाटत नाही, कारण माहितीपत्रकात ‘इटालियन भाषा आणि संस्कृतीचा परिचय’ एवढी ओळ छापायला पहिली यत्ता पुरते.

आणि एक गोष्ट मला जास्त टोचते. मिलान ज्या पो नदीच्या खोऱ्यात आहे, तिथेच गाडीने तासा-दोन तासांवर गोठे लागतात. त्या गोठ्यांत गाईंचं दूध काढणारे कितीतरी जण पंजाबी आहेत. पार्मेजान आणि ग्राना चीजच्या दुधामागे त्यांचे हात आहेत. त्यांच्यातल्या कुणाला दीर्घ मुदतीचा निवास परवाना हवा तर २०१० पासून ए-टूची परीक्षा द्यावी लागते. नागरिकत्व हवं तर २०१८ पासून बी-वन. पहाटे उठून गोठ्यावर जाणारा माणूस दोन पायऱ्या चढून दाखवतो तेव्हा त्याला तिथे राहू देतात. आपला इंग्रजीतला विद्यार्थी एका पायरीवर बसून पदवी घेऊन जातो आणि त्या एका पायरीचं कौतुक होतं. एकाच देशातून आलेली दोन माणसं. एकाला इटालियन हा अलंकार आहे, दुसऱ्याच्या मुलाबाळांचं भवितव्य तिच्यावर अडलं आहे. तुम्हाला पहिल्या यत्तेचा एवढा कळवळा असेल तर सरकारी प्रौढ शिक्षण केंद्रांतून या मजुरांसाठी जे वर्ग चालतात, तिकडे माणसं आणि पैसा का वळवू नये?

उत्साही : जरूर वळवा. पण इकडचं काढून तिकडे द्यायचं, हा हिशेब मला मान्य नाही, कारण या दोन वर्गांत मला वैर दिसत नाही. मॅझिनी मराठी वाचकाला ठाऊक आहे तो सावरकरांच्या १९०७ साली पुण्यात निघालेल्या पुस्तकामुळे, आणि ते पुस्तक इंग्रजीवरून झालेलं. त्या मॅझिनीने लंडनच्या हद्दपारीत १८४१ साली हॅटन गार्डनमध्ये एक मोफत शाळा काढली होती. रस्त्यावर पेटी वाजवून पोट भरणारी इटालियन पोरं रात्री तिथे येत. बरीचशी आपापल्या डोंगरातली बोली बोलणारी. त्यांना इटालियन लिहा-वाचायला शिकवलं जाई. राष्ट्र उभारायला निघालेला माणूस रात्रीच्या प्राथमिक वर्गाला कमी लेखत नव्हता.

आणि तुम्ही ज्या विद्यार्थ्याबद्दल बोलता, त्याला तो वर्ग आणखी एक गोष्ट देतो. हा मुलगा इंग्रजीच्या जोरावर इथवर आलेला आहे. नेमका शब्द न सुचणं, वाक्य अर्ध्यावर सुटणं, समोरच्याने आपल्याला मंद समजणं, हे त्याने गावाकडून आलेल्या वर्गमित्रांच्या बाबतीत लांबून पाहिलेलं असतं. प्राथमिक वर्गात पहिल्यांदा ते त्याच्या स्वतःच्या वाट्याला येतं. त्या गोठ्यातल्या माणसाला काय करावं लागतं, हे त्याला याशिवाय कसं कळेल?

साशंक : मॅझिनीचा वर्ग मला मंजूर आहे, कारण त्याला श्रेयांक नव्हते आणि तो ज्यांना हवा होता त्यांच्यासाठी होता. तुमच्या दुसऱ्या मुद्द्यावर मात्र मी साशंक आहे. सत्रभर अडखळून पुन्हा इंग्रजीच्या सुरक्षित जागी परतता येतं, हे ज्याला ठाऊक आहे त्याचं अडखळणं आणि परत जायला जागाच नसलेल्याचं अडखळणं एक नव्हे. त्यातून समज येईलही, पण ‘मला कळलं तुमचं दुःख’ असा समज होण्याचा धोकाही तेवढाच. तुम्ही त्याला पुलावर नेता, पण पलीकडे नेत नाही.

उत्साही : मग पलीकडे नेण्याचा हिशेब करू. तुमचेच ६०० तास घेऊ. इटलीत एम.एस्सी. १२० श्रेयांकांची, दोन वर्षांची. एक श्रेयांक म्हणजे अभ्यासाचे २५ तास. ६०० तासांचे झाले २४ श्रेयांक, म्हणजे पदवीचा पाचवा हिस्सा, आणि यात घरी बसून करायचा अभ्यास धरलेलाच नाही. पुलाची रचना शिकायला आलेल्या मुलाच्या पदवीतला पाचवा हिस्सा काढून तो इटालियनला द्यायला तुम्ही तयार आहात? त्याच्या बापाने कर्ज काढलेलं आहे. कंपनी विचारणार ती रचनेचं.

साशंक : सरसकट सगळ्यांसाठी नाही, हे मान्य. पण विद्यापीठाने निदान वाट आखावी. पहिल्या यत्तेला बसणाऱ्याला दुसरी आणि तिसरी मिळेलच, वेळापत्रकात मूळ विषयांशी तिची टक्कर होणार नाही, आणि दुसऱ्या वर्षी त्याच्या शाखेतला एखादा विषय इटालियनमधून घ्यायची सोय असेल. पोलितेक्निकोच्या प्राध्यापकांनी जे मागितलं ते आणि तुमचा संध्याकाळचा वर्ग, हे दोन्ही तिथे एकमेकांना भेटतात. ज्याला त्या वाटेने जायचं नाही त्याच्यासाठी माहितीपत्रकात स्वच्छ लिहावं की दोन वर्षं इटलीत राहून हे शिक्षण इटालियनवाचून पुरं होईल.

उत्साही : वाट आखण्याबद्दल आपलं एकमत आहे. लिहून देण्याबद्दल नाही. तसं लिहायला विद्यापीठं एका पायावर तयार होतील आणि मला भीती त्याचीच वाटते. इटालियनवाचून चालतं हे एकदा छापलं की पुढच्या अंदाजपत्रकात संध्याकाळच्या वर्गापुढे प्रश्नचिन्ह लागणार, आणि तिसरी यत्ता तर तुम्ही म्हणता तशी कधी निघालेलीच नसेल.

साशंक : आणि छापलं नाही तर इटालियनवाचून चालतंच आहे, फक्त ते कुणी म्हणत नाही. वर्ग चालू आहे म्हणून कुणी विचारतही नाही. तिसरी यत्ता आधी काढा, मग पहिलीबद्दल मी एक अक्षर बोलणार नाही.

उत्साही : तिसरी काढायला पहिलीतून वर येणारी मुलं लागतात. ती किती येतील हे तिसरी असल्याखेरीज कळणार नाही, आणि ती येतील याची खात्री असल्याखेरीज तिसरीला शिक्षक मिळणार नाही. यातली सुरुवात कुणी करायची यावर आपण अडलो आहोत. मी म्हणतो विद्यापीठाने, पदरमोड करून, निदान पाच वर्षं.

साशंक : पाच वर्षांनी तिसरीत चारच जण बसलेले निघाले तर?

उत्साही : तर त्या चौघांसाठी मी तुमच्याशी पुन्हा भांडेन. तुम्ही तेव्हा कुठल्या बाजूला असाल, ते मात्र मला आज सांगता येत नाही.